मोजलंत, आता हिशेब द्या

अपंग माणसाचं शरीर हा कुणाच्या पदवीसाठी लागणारा कच्चा माल नाही. हे मी परदेशी विद्यापीठांना सांगतो आहे, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना आमच्या गावांत आणून सोडणाऱ्या इथल्या संस्थांना व महाविद्यालयांनाही. ‘विकसनशील समाजांतील शारीरिक अपंगत्वाचे मूल्यमापन’ असं भारदस्त शीर्षक घेऊन सुट्टीत काही आठवडे यायचं, टेप आणि प्रश्नावली घेऊन घरोघर फिरायचं, लोकांचे हातपाय मोजायचे आणि परत जाऊन प्रबंध लिहायचा. हा उद्योग आज ज्या पद्धतीनं चालतो त्या पद्धतीनं चालू देता कामा नये. मी वाशिम जिल्ह्यातला. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून उजव्या पायाला कॅलिपर आहे. अपंगांचे अर्ज भरून देणं हे माझं रोजचं काम. मला मोजलेलं आहे, आणि मोजून झाल्यावर माणसाचं पुढं काय होतं हेही मी रोज पाहतो.

आमचा जिल्हा अशा अभ्यासांच्या प्रस्तावात चपखल बसतो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास बारा लाख वस्तीचा जिल्हा. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्या सहा जिल्ह्यांत आम्ही होतो. २०१८ मध्ये नीती आयोगानं आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांतही आम्ही आहोत. त्या कार्यक्रमाचे पाच विषय आहेत: आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व पाणी, आर्थिक समावेशन व कौशल्य, आणि पायाभूत सुविधा. अपंगत्व हा त्यांतला विषय नाही. म्हणजे सरकारच्या फलकावर आमच्या अपंग माणसाला रकाना नाही आणि परदेशी विद्यार्थ्याच्या वहीत मात्र तो ‘नमुना क्रमांक’ आहे. या दोन्ही गोष्टींचा मला सारखाच संताप येतो.

एक प्रसंग सांगतो. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याचा डावा हात सोयाबीन काढताना मळणी यंत्रात गेला. कोपराच्या खाली थोडा उरला. परदेशी विद्यापीठाचा एक विद्यार्थी, त्याच्यासोबत दुभाष्या म्हणून आमच्याच एका महाविद्यालयाचा मुलगा, असे दोघे त्याच्या ओट्यावर आले. मी शेजारी बसलो होतो. विद्यार्थ्यानं टेप लावून उरलेल्या हाताची लांबी घेतली. कोन मोजायचं यंत्र कोपरावर धरून हात किती वाकतो, किती सरळ होतो ते लिहिलं. मग प्रश्न सुरू झाले. शर्टाची बटनं लावता येतात का? पेला उचलता येतो का? वेदना शून्य ते दहा यांत किती? शेतकरी मुकाट्यानं उत्तरं देत होता. बटनांचा प्रश्न दुसऱ्यांदा आला तेव्हा तो दुभाष्याला म्हणाला, “भाऊ, बटनं बायको लावते. डवरा कोण धरीन?”

दुभाष्यानं ते भाषांतरित केलं नाही. कागदावर डवऱ्याला, म्हणजे कोळप्याला, जागा नव्हती. एका हातानं डवरा धरता येत नाही, म्हणून त्या घराला डवरणीला मजूर लावावा लागतो, म्हणून उधारी वाढते, म्हणून पोराची अकरावी सुटते, हे सगळं त्या एका वाक्यात होतं आणि ते वाक्य ओट्यावरच राहिलं. नोंद झाली कोपराच्या अंशांची.

यापुढचं जास्त गंभीर आहे. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघातात शेतकऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबातल्या सदस्याचा मृत्यू झाला तर दोन लाख रुपये, एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख. या माणसाला योजनेचं नावही माहीत नव्हतं. त्याच्या हाताचा सेंटिमीटरपर्यंत हिशेब लिहिणाऱ्याला ते माहीत नव्हतं, दुभाष्याला माहीत नव्हतं, आणि दोघांना पाठवणाऱ्या प्राध्यापकांना माहिती करून घ्यावीशी वाटली नाही. मोजणी आटोपली, मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा आला, गाडी गेली. शेतकऱ्याच्या बायकोनं मला विचारलं, “भाऊ, हे सारं लिहून नेलं, मंग आता पैसे कवा भेटतीन?” संमतीपत्रावर तिच्या नवऱ्याची सही होती. ‘या अभ्यासातून आपणास थेट लाभ मिळणार नाही’ असं त्यात छापलेलं होतं. छापलेलं असलं की हात झटकता येतात, हे संशोधकांना ठाऊक असतं. घरी आलेला कागद, परदेशी पाहुणा आणि सोबत सरपंचांचा माणूस एवढं जमलं की काहीतरी मिळणार, असंच गावाला वाटतं. गावानं आजवर पाहिलेला प्रत्येक सर्व्हे कुठल्या ना कुठल्या योजनेचा होता. ‘आपण कधीही माघार घेऊ शकता’ हे वाक्य कागदावर खरं असतं, ओट्यावर खोटं. सरपंचानं पाठवलेल्या पाहुण्याला नाही म्हणायची हिंमत निराधार योजनेच्या यादीत नाव यावं म्हणून त्याच सरपंचाच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसात कुठून येणार?

आता या मोजणीच्या दर्जाबद्दल, कारण शास्त्राच्या नावाखाली ती खपवली जाते.

तिकडची मोठी सुट्टी जून-जुलै-ऑगस्टात येते. आमच्याकडे तेव्हा मृग लागतो. पेरणी, दुबार पेरणीची धाकधूक, मग डवरणी, निंदण. ज्याला उभं राहता येतं तो प्रत्येक माणूस वावरात असतो. दुपारी बारा वाजता दार वाजवलं तर घरात सापडतो तो अंथरुणाला खिळलेला म्हातारा किंवा सांभाळायला ठेवलेलं मूल. लंगडत का होईना निंदायला गेलेली बाई या नमुन्यात येतच नाही, आणि शारीरिक अडचणीसकट राबणारी तीच माणसं आमच्याकडे सगळ्यांत जास्त आहेत. त्यांना मोजणीसाठी शाळेत बोलावलं तर रोजी बुडते. पांदण रस्त्यावर गुडघाभर चिखल असताना कुबड्यांवरचा माणूस शाळेपर्यंत पोचत नाही, म्हणजे ज्याची अडचण सर्वांत मोठी तोच यादीतून गळतो. एवढी साधी गोष्ट अभ्यासाचा आराखडा करणाऱ्याला कळत नसेल तर तो आराखडा कुणासाठी केलेला आहे ते उघड आहे. विद्यापीठाचं वेळापत्रक पाळलं जावं यासाठी.

प्रश्नावल्यांचं तेच. एसएफ-३६ ही जगभर वापरली जाणारी प्रश्नावली अमेरिकेत तयार झाली. मध्यम श्रमाच्या कामांची उदाहरणं म्हणून तिच्या मूळ प्रतीत टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग आणि गोल्फ खेळणं ही कामं आहेत. १९६५ साली प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक दहा गोष्टी तपासतो, त्यांतली एक आहे पलंगावरून खुर्चीवर आणि परत पलंगावर जाणं. आमच्या माणसाचा प्रश्न जमिनीवरून उठण्याचा आहे. चुलीपुढून उठणं, संडासात उकिडवं बसून उठणं, भरलेला गुंड कमरेवर घेऊन ओल्या धुऱ्यावरून चालणं, एसटीची उंच पायरी चढणं. ही कामं ज्या कागदावर नाहीत तो कागद वाशिममध्ये अपंगत्व मोजत नाही. तो अमेरिकेतल्या घरात राहायला गेलेल्या एका काल्पनिक वाशिमकराचं अपंगत्व मोजतो.

आणि हे सगळं आम्हाला नव्यानं शिकवायला कुणी यायची गरज नाही. भारत सरकारची अपंगत्व मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पायाच्या अपंगत्वात सांध्यांची हालचाल आणि स्नायूंची ताकद यांसोबत स्थैर्य तपासतात, आणि त्यासाठी नऊ कृती दिलेल्या आहेत, प्रत्येकीला दहा गुण. सपाट जागेवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, बाधित पायावर उभं राहणं, वळणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघे टेकणं. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं ही मोजण्याची बाब आहे हे इथल्या डॉक्टरांना कळलेलं होतं. तेही पुरेसं नाही. तपासणी फरशीवर होते आणि माणूस जगतो काळ्या मातीच्या ढेकळांत. पण सुरुवात करायची तर इथून करा. ही तत्त्वं न वाचता आमच्याकडे ‘मूल्यमापनाचं साधन विकसित करायला’ येणं हा अज्ञानाचा उद्धटपणा आहे.

आमच्याकडे अपंगत्वाचा अर्थ आहे टक्के. ‘किती टक्के?’ हा पहिला प्रश्न, आणि त्यावर माणसाचं आयुष्य ठरतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, पण बहुतेक लाभांसाठी रेघ चाळीस टक्क्यांवरच ओढलेली आहे. अडतीस टक्के लिहिले गेले की निराधारचे पैसे नाहीत, राखीव जागा नाही. २०२१ च्या जूनपासून प्रमाणपत्र यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, ऑनलाइन पोर्टलवरूनच मिळतं. मानोरा तालुक्याच्या टोकाच्या तांड्यावरच्या माणसाला आधी सेतू केंद्र गाठावं लागतं, मग तारीख, मग वैद्यकीय बोर्डाचा दिवस, सोबत एक धडधाकट माणूस, म्हणजे दोघांची रोजी आणि दोघांचं भाडं. आधार आणि रेशनकार्डावरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला की पुन्हा पहिल्यापासून. त्यात २०२४ च्या जुलैत पुण्याहून वाशिमला बदलून आलेल्या प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यांवरून देशभर गदारोळ झाला. केंद्रीय लोकसेवा आयोगानं त्याच महिन्याच्या शेवटी त्यांची उमेदवारी रद्द केली. न्यायालयात जे ठरायचं ते ठरेल. पण संशयाचं ओझं आमच्या कुबड्यांवर आलं. खऱ्या लंगड्याला ‘चालून दाखव’ म्हणताना आता कुणाला संकोच उरलेला नाही.

अशा जागी सहा आठवडे घालवणाऱ्या, शिकलेल्या, संगणक येणाऱ्या तरुण माणसाला करण्यासारखं काम डोंगराएवढं आहे. मोजलेल्या प्रत्येकाचा अर्ज पोर्टलवर भरणं. अक्षराची चूक दुरुस्त करून घेणं. बोर्डाच्या दिवशी गाडी लावणं. घट्ट झालेल्या कॅलिपरनं पिंढरी सोललेल्या मुलीला नवा कॅलिपर मिळवून देणं. यातलं काहीच प्रबंधात मोजलं जात नाही, म्हणून ते होत नाही. प्रबंध कुठल्याशा महागड्या नियतकालिकात इंग्रजीत छापला जातो. तो वाचायला पैसे पडतात, आणि ज्याच्या दंडाची लांबी त्यात छापलेली आहे त्याला तो आयुष्यात दिसणार नाही. अहवाल ई-मेलनं पाठवू, असं मलाही सांगितलं होतं. तो आला नाही.

‘मग मोजूच नये का?’ असं मला विचारतात. मोजलंच पाहिजे, आणि आजच्यापेक्षा कितीतरी जास्त मोजलं पाहिजे. २०११ च्या जनगणनेत देशात २.२१ टक्के लोक अपंग निघाले, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. जागतिक आरोग्य संघटनेचा जगाचा अंदाज सोळा टक्क्यांचा आहे, म्हणजे दर सहा माणसांमागे एक. एवढी तफावत पडते ती प्रश्न कसा विचारला यावरून. ‘घरात कुणी अपंग आहे का?’ असं विचारलं तर दोन्ही गुडघे गेलेल्या म्हातारीचं नाव कुणी घेत नाही. ‘वय झालं’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं २००१ मध्ये बनलेल्या वॉशिंग्टन गटानं सहा प्रश्न दिले: दिसायला, ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, आठवायला किंवा लक्ष द्यायला, स्वतःचं आवरायला, आणि बोलून समजायला-समजावायला अडचण येते का? अजिबात नाही, थोडी, खूप, की जमतच नाही? हे सहा प्रश्न आमची आशाताई एका दुपारी शिकेल आणि अख्ख्या गावाची खरी यादी काढेल. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांवर खर्च करायचे असा नियम आहे. ते पैसे नीट खर्च व्हायचे तर हीच यादी हवी. म्हणून मोजणीचा मी शत्रू नाही. मोजणी आमच्या जगण्याची निकड आहे, म्हणूनच ती कुणाच्या सुट्टीतल्या अनुभवासाठी उधळलेली मला सहन होत नाही.

चांगलं संशोधन कसं असतं हे दाखवायला मला देशाबाहेर जावं लागत नाही. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी सांध्यांच्या आणि स्नायूंच्या दुखण्याचं सर्वेक्षण सुरू केलं. कार्यक्रम जागतिक आरोग्य संघटनेचा आणि आंतरराष्ट्रीय संधिवात संघटनेचा, पण घरोघर फिरले ते प्रशिक्षण दिलेले स्थानिक स्वयंसेवक. ज्यांना दुखणं निघालं त्यांना डॉक्टरांनी तपासलं, आणि काम त्या गावात पुढंही चालू राहिलं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ब्याण्णव टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचं १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि जगाचं धोरण हललं. पण ते दोघं तिथं राहायला आले होते, आणि आजही तिथंच आहेत. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकात जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडवला तो हेच पाहून की बाहेरून आलेला पाय बूट मागतो, आणि आपला माणूस अनवाणी चिखलात चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो. कारागिराला ते दिसलं, कारण तो त्याच जमिनीवर बसणारा होता.

अभ्यासले जाणारे लोकही संशोधकांना अटी घालू शकतात. दक्षिण आफ्रिकेतले सान लोक हे जगात सर्वांत जास्त अभ्यासले गेलेल्या समाजांपैकी एक. २०१७ मध्ये त्यांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता लिहिली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी, आणि आधी त्यांच्या परिषदेची परवानगी. त्यांना जमलं ते वाशिमच्या ग्रामसभांना का जमू नये?

जमत नाही याला आपलीच माणसं जबाबदार आहेत. परदेशी विद्यापीठाशी करार झाला की महाविद्यालयाच्या मूल्यांकनात गुण वाढतात. संस्थेच्या वार्षिक अहवालात गोऱ्या पाहुण्यांचा फोटो येतो आणि देणगीचा मार्ग खुला होतो. त्यासाठी आमच्या घरांची दारं ही मंडळी परस्पर उघडून देतात. देशात नियम आहेत. संशोधनासाठी वेगळा व्हिसा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार परदेशी सहकार्यानं होणाऱ्या आरोग्य संशोधनाला नैतिकता समितीची आणि आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. ‘हे संशोधन नाही, हा तर शैक्षणिक अनुभव’ असं म्हणून ही पायरी चुकवली जाते, आणि नंतर त्याच अनुभवाचा शोधनिबंध होतो. ही फसवणूक आहे, आणि तिच्यावर सही इथल्या माणसाची असते. आमच्या स्वतःच्या समाजकार्य शाखांचे विद्यार्थीही गुणांसाठी असेच फॉर्म भरून नेतात आणि परत फिरकत नाहीत. त्यांनाही हे सगळं तेवढंच लागू आहे.

म्हणून अटी घालायच्या, आणि त्या गावानंच घालायच्या. ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय एकाही अपंग माणसाचं माप घ्यायचं नाही, सरपंचाची तोंडी परवानगी चालणार नाही. प्रश्न ठरवताना त्याच तालुक्यातले अपंग स्त्री-पुरुष बसतील आणि त्यांना त्या कामाचा मेहनताना मिळेल. ज्याचा तास घेतला त्याला त्या तासाची रोजी मिळेल. ज्याला मोजलं त्याचा यूडीआयडीचा अर्ज भरून, तो ज्या योजनेत बसतो तिचा अर्ज दाखल करूनच गाव सोडायचं, आणि पाठपुरावा कोण करणार त्या स्थानिक माणसाचं नाव लिहून द्यायचं. निष्कर्ष छापायला जाण्याआधी मराठीत ग्रामसभेपुढं वाचायचे, तांड्यावर बंजारा बोलीत सांगायचे, आणि यादीची एक प्रत ग्रामपंचायतीला द्यायची, ज्यांनी नाव द्यायला होकार दिला त्यांची. पेरणीच्या दिवसांत यायचं नाही. विद्यापीठाचं वेळापत्रक आड येत असेल तर विद्यापीठानं ते बदलावं. पाऊस बदलता येत नाही.

या अटींनी संशोधन मरेल असं म्हणणाऱ्यांचं संशोधन मेलेलंच बरं. ज्याला खरंच अपंगत्व समजून घ्यायचं आहे त्याला यांतली एकही अट जड नाही. असा विद्यार्थी आला तर त्याला घेऊन मी स्वतः कॅलिपर चढवून दारोदार फिरेन, तो लंडनचा असो की लातूरचा. बाकीच्यांसाठी पुढच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक अपंग भावाबहिणीला सांगणार आहे की कागद पुढं आला तर आधी एवढंच विचारा: मोजल्यावर मला काय देणार, आणि कधी? उत्तर लेखी मिळाल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.